मांडवाबाहेरचे सूर

आमच्या पाटोद्यात लग्न कुणाचेही असो, बँडवाले मांडवाच्या बाहेर बसतात. वरात निघते तेव्हा ते सगळ्यांच्या पुढे असतात आणि पंगत बसते तेव्हा सगळ्यांच्या शेवटी. नवरदेवाचा फोटो काढताना कुणीतरी हमखास ओरडते, ‘‘बाजावाल्यांनो, जरा बाजूला व्हा.’’ त्यांच्याशिवाय लग्न लागत नाही आणि त्यांना लग्नात जागा नाही. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत हे बँडवाले बऱ्याचदा आपल्या समाजाचे, नाही तर मातंग समाजाचे असतात. दोघांची अवस्था सारखीच.

याच बँडवाल्यांच्या निमित्ताने मला मुस्लिम मराठी साहित्यापुढे एक प्रश्न ठेवायचा आहे. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला आता तीन तपे होत आली. या काळात आपण दंगलींवर लिहिले, तलाकवर लिहिले, गरिबीवर लिहिले, संशयाच्या नजरेवर तर फारच लिहिले. ते लिहायलाच हवे होते. परंतु या साऱ्या लेखनात आपला मुसलमान सहसा सोसतो, भांडतो किंवा खुलासा देतो. तो वाजवत बसला आहे, असे चित्र मला क्वचितच सापडते. संदलच्या मिरवणुकीतला ताशेवाला, मोहरमला सवारीपुढे ढोल बडवणारा, लग्नात क्लॅरिओनेट फुंकणारा ही माणसे आपल्या कथांमध्ये आली तर पार्श्वसंगीतासारखी येतात. त्यांच्या सुराला काही म्हणायचे असते हे आपण गृहीतच धरत नाही.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. आम्ही पाच-सहा जण दर गुरुवारी रात्री एकत्र बसून वाजवतो. एक शिंपीकाम करतो, एक औषधाच्या दुकानात आहे, दोघे शिक्षक, एक शेतकरी. पेटी, ढोलकी, खंजिरी, एक जुने क्लॅरिओनेट आणि हौस एवढेच भांडवल. आम्ही कव्वाली पार्टी नाही आणि भजनी मंडळही नाही. एकाच्या पुतण्याने परदेशातून मोबाईलवर एक ध्वनिमुद्रण पाठवले. ज्यूंच्या लग्नातले संगीत आहे, त्याला ‘क्लेझ्मर’ म्हणतात, एवढाच निरोप सोबत होता. आम्ही ते ऐकले आणि गप्प झालो. क्लॅरिओनेट अगदी आमच्या वरातीतल्यासारखे रडत होते, आणि रडता रडता मध्येच हसतही होते. पेटीवर स्वर शोधले तेव्हा सापडले सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, कोमल नी. आमच्यापैकी थोडेफार शास्त्रीय शिकलेले गुरुजी म्हणाले, ‘‘हा तर बसंत मुखारीचा स्वरमेळ झाला.’’ राग म्हणजे नुसता स्वरमेळ नव्हे हे खरेच. तरीही बालाघाटाच्या डोंगरात बसलेल्या माणसाला पूर्व युरोपातल्या ज्यूंचे सूर ओळखीचे वाटावेत, ही बाब विचार करायला लावणारी होती. मग मी त्या संगीताविषयी वाचू लागलो.

‘क्लेझ्मर’ हा शब्द हिब्रूतल्या दोन शब्दांतून आला आहे. त्यांचा अर्थ गाण्याची साधने, म्हणजे वाद्ये. पुढे यिद्दिश भाषेत तो वाद्य वाजवणाऱ्या माणसासाठी वापरला जाऊ लागला. युक्रेन, पोलंड, रुमानिया या भागांत ज्यूंच्या लग्नांत वाजवणारी ही घराणी होती. बाप वाजवी, म्हणून मुलगा वाजवी. आधी व्हायोलिन आणि संतूरसारखे तारांचे एक वाद्य यांचा मान होता. एकोणिसाव्या शतकात क्लॅरिओनेट पुढे आले. नाचाच्या चाली असत, वधूला रडवण्याच्या चाली असत, पाहुण्यांना घरी पोचवण्याच्या चाली असत. ‘दोयना’ नावाचा एक प्रकार तर तालाशिवाय, आपल्या आलापासारखा सावकाश चाले. सुराला मध्येच हुंदका द्यायची एक तऱ्हा होती. तिचे नावच मुळी कण्हणे या अर्थाचे आहे.

आणि या वाजवणाऱ्यांची पत काय होती? लग्नाला ते हवेत, पण सोयरिकीला नकोत. विसाव्या शतकात तर एखाद्या वादकाला ‘क्लेझ्मर’ म्हणणे म्हणजे त्याला अडाणी बाजावाला म्हणण्यासारखे झाले होते. आपल्याकडे ‘मिरासी’ या शब्दाचे जे झाले तेच. मिरास म्हणजे वारसा. ज्याच्याकडे वारसा आहे तो मिरासी. पण आज तो शब्द शिवीसारखा वापरतात. वारसा सांगणाऱ्या शब्दाची शिवी होते तेव्हा दोष त्या शब्दाचा नसतो, ऐकणाऱ्या समाजाचा असतो.

आता महाराष्ट्राकडे येऊ. आपल्याकडेही ज्यू होते आणि आहेत. कोकणातले बेने इस्राएल. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी. त्यांच्यात क्लेझ्मर नव्हते, कारण त्यांचा पूर्व युरोपाशी संबंध नव्हता. मग त्यांनी काय गायले? त्यांनी कीर्तन केले. 1880 च्या सुमारास मुंबईतल्या काही बेने इस्राएल मंडळींनी मराठी कीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात आपल्या धर्मग्रंथातल्या कथा बसवल्या. अब्राहाम, योसेफ, मोशे, राणी एस्तेर यांची आख्याने ओवी, साकी, दिंडी, आर्या यांत रचली गेली. त्यांची पुस्तके मराठीत छापली गेली. कथा सांगणारे आणि साथ करणारे हे काही पिढीजात कीर्तनकार नव्हते. नोकरी-धंदा सांभाळून, आपल्या लोकांपुढे, आपल्याच सभागृहात उभी राहिलेली ही हौशी माणसे होती. क्लेझ्मरचे हौशी वाद्यवृंद जिथे वाजवतात, त्या अमेरिकेतल्या ज्यू समाजगृहांशी या कीर्तनाचे नाते मला जास्त जवळचे वाटते.

इथे समीक्षकाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हे कीर्तन उसने होते काय? साचा नारदीय, पूर्वरंग-उत्तररंग नारदीय, वृत्ते मराठी. मग ज्यूंचे त्यात काय होते? मला वाटते, हा प्रश्न ज्या पद्धतीने विचारला जातो ती पद्धतच चुकीची आहे. कलेचा साचा ही विहीर आहे. पाणी भरणाऱ्याचा धर्म ती विचारत नाही. विचारतात ती काठावरची माणसे. बेने इस्राएलांनी कीर्तन घेतले तेव्हा त्यांनी स्वतःला विसरायला ते घेतले नव्हते. हिब्रू न कळणाऱ्या आपल्या बायका-मुलांना आपली कथा कळावी म्हणून घेतले. म्हणजे परक्याचा वाटणारा साचाच त्यांना स्वतःपर्यंत घेऊन गेला. हा व्यवहार ज्याला कळला त्याला मराठी मुसलमानाचा प्रश्नही निम्मा कळला असे समजावे.

योसेफाचे आख्यान घ्या. भावांनी विहिरीत टाकलेला, परमुलखात विकला गेलेला, तुरुंगात गेलेला आणि शेवटी भावांना धान्य देणारा योसेफ. आपण त्याला यूसुफ म्हणतो. कुराणात त्याच्या नावाची सूरत आहे. दुष्काळाची सात वर्षे, रिकामी कोठारे आणि धान्यासाठी परमुलखात निघालेली माणसे हे सगळे बीड जिल्ह्यातल्या श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही. दर वर्षी कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ट्रका तो बघतो. ही कथा मराठीत, साकीच्या चालीवर, एका ज्यू कीर्तनकाराने सांगावी आणि पाटोद्याच्या मुसलमानाला ती आपली वाटावी, यात चमत्कार नाही. तिघांचीही भाषा एक, पूर्वज-कथा एक आणि भुकेची ओळखही एक.

खाण्याच्या ताटातही ही ओळख दिसते. बेने इस्राएल मंडळी एलियाहू नबीच्या नावाने ‘मलीदा’ करतात. त्यात गोड पोहे, नारळ आणि फळे असतात. आपल्याकडे दर्ग्यात मलीदा चढतो, तो चुरलेल्या पोळीचा, गूळ-तुपाचा. पदार्थ वेगळा, शब्द एक. आणि एलियाहू म्हणजे आपले इलियास पैगंबर. सांस्कृतिक अस्मितेवर आपण पुष्कळ परिसंवाद घेतले, परंतु मलीद्यासारख्या एका शब्दाचा माग काढला असता तर त्यातल्या अर्ध्या भाषणांची गरज पडली नसती.

बेने इस्राएलांच्या पुढच्या इतिहासाकडेही पाहिले पाहिजे. 1948 नंतर त्यांच्यातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. लग्न लावण्यापूर्वी पूर्वजांचे पुरावे मागितले जाऊ लागले. त्याविरुद्ध त्यांनी आंदोलन केले आणि 1964 साली तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानावे, असा ठराव केला. ज्या देशाला आपला म्हणून गेले तिथे कागद दाखवावे लागले. आपल्या वाचकाला या वाक्याखाली तळटीप लागणार नाही. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या परक्या झालेल्या मायभूमीतही त्यांनी मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवले. कीर्तनातली पदेही बायकांनी वह्यांमध्ये उतरवून सांभाळली. पुराव्याला उत्तर म्हणून त्यांनी गाणे दिले नाही. गाणे आधीपासून होतेच.

आता आपल्या घरात डोकावू. पाटोद्याच्या शेजारी आष्टी तालुका. तिथले वाहिरा हे शेख महंमदांचे गाव. सोळाव्या-सतराव्या शतकातले हे संतकवी पुढे श्रीगोंद्याला राहिले. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. कादरी परंपरेतले चाँद बोधले त्यांचे गुरू. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर पुस्तक लिहिले, यू. म. पठाणांनी आयुष्यभर या वाङ्मयाचा शोध घेतला. आज कुठल्याही संमेलनात शेख महंमदांचे नाव घेतल्याशिवाय उद्घाटनाचे भाषण पुरे होत नाही. पण हे नाव आपण कशासाठी घेतो? बहुतेक वेळा सलोख्याचा दाखला म्हणून. ‘‘पाहा, आमच्यातही संत होते,’’ असे समोरच्याला सांगण्यासाठी. माझी तक्रार इथे आहे. शेख महंमदांचे अभंग गाण्यासाठी आहेत. ते वारकऱ्यांनी टाळ-मृदंगावर जिवंत ठेवले. आपण मात्र ते चौकट करून भिंतीवर टांगले. जो कवी आपण गात नाही त्याचा आपण वारसा सांगावा काय?

अमर शेखांचेही तसेच. 1916 साली बार्शीत जन्मलेला हा माणूस मोटारीवर क्लीनर होता, गिरणीत कामगार होता. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथकातून गिरणगावात, मैदानांत, चाळींच्या चौकांत गाणे उभे केले. 1969 साली ते गेले. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह. आपल्या समीक्षेत अमर शेखांचे नाव यादीत येते आणि यादी पुढे सरकते. त्यांच्या शब्दांची चर्चा थोडीफार झाली. परंतु समोरच्या हजारो श्रमिकांना सोबत गायला लावणारा तो आवाज आणि डफ हाच त्यांच्या कवितेचा छंद होता, हे कुणी मांडले? कागदावरची कविता मोजायची सवय लागलेल्या समीक्षेला ऐकायची कविता कळत नाही. मुस्लिम मराठी समीक्षेने ही सवय मुख्य प्रवाहाकडून जशीच्या तशी घेतली.

क्लेझ्मरच्या बाबतीत ऐकणारे कान नशिबाने वेळेवर जागे झाले. कीव्हमध्ये मोइसेई बेरेगोव्हस्की नावाच्या संशोधकाने गावोगाव फिरून मेणाच्या नळ्यांवर ज्यू वादकांचे संगीत नोंदवले. पुढे हिटलरच्या सैन्याने त्या गावांतली माणसेच मारून टाकली. 1950 मध्ये खुद्द बेरेगोव्हस्कींना सोव्हिएत राजवटीने पकडून छावणीत धाडले. ते 1955 मध्ये सुटले आणि 1961 मध्ये वारले. नष्ट झाल्या असे समजले गेलेले ते ध्वनिमुद्रण 1990 च्या दशकात पुन्हा प्रकाशात आले. तिकडे अमेरिकेत 1970 च्या दशकात तरुण पोरांनी आज्यांच्या घरातल्या जुन्या तबकड्या ऐकून ऐकून ते वादन शिकायला सुरुवात केली. पुढे त्यांची शिबिरे भरू लागली. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार संध्याकाळी समाजगृहात जमून वाजवू लागले. वंशपरंपरेची साखळी कत्तलीने तोडली होती. ती हौशी माणसांनी जोडली.

या पुनरुज्जीवनावर टीकाही झाली आणि ती मला पटते. ज्यांना मारले त्यांचे संगीत आता पर्यटकांसाठी वाजते. दुःखाची झालर लावलेली गोड आठवण विकली जाते. बाजावाल्याची गरिबी, अपमान, मजुरीसाठीची घासाघीस हे सगळे गळून पडते आणि उरतो तो फक्त सूर. हौशी माणसाचा हाच मोठा दोष असतो. त्याचे पोट सुरावर अवलंबून नसते. म्हणून तो सुरावर प्रेम करतो आणि वाजवणाऱ्याला विसरतो.

हा दोष माझ्या पदरातही आहे. तो मला एका म्हाताऱ्या बँडवाल्याने दाखवला. आमच्या बैठकीला एका गुरुवारी एक चाचा येऊन बसले. चाळीस वर्षे त्यांनी वरातीत क्लॅरिओनेट वाजवले होते. डीजे आल्यापासून काम बंद. दम्याने छाती गेलेली. आम्ही ती ज्यूंची चाल मोठ्या उत्साहाने वाजवून दाखवली. चाचांनी डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, ‘‘बजाते तो अच्छा है मास्तर. मगर किसके वास्ते बजाते?’’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. कुणालाच उत्तर देता आले नाही. ते पुढे म्हणाले, ‘‘हम दुल्हन के बाप के वास्ते बजाते थे. वो रोया तो समझो पैसा हलाल हुआ.’’

त्या दिवसापासून मी अस्वस्थ आहे. युरोपातल्या मेलेल्या वादकांसाठी माझे डोळे भरून आले होते आणि दोन गल्ल्या सोडून राहणारा हा जिवंत वादक मी कधी ऐकला नव्हता. माझ्या स्वतःच्या निकाहात बाहेर कोण वाजवत होते, हे मला आठवत नाही. कदाचित तेच असतील. विचारण्याची हिंमत मला झाली नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल बोलणे टाळले तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. आम्ही बैठकीसाठी समाजाचे एक सभागृह मागितले होते. ते मिळाले नाही. वाद्ये वाजवणे दीनमध्ये बसत नाही, असे सांगितले गेले. ज्यांनी नकार दिला त्यांच्या श्रद्धेचा मला अवमान करायचा नाही. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद फार जुने आहेत. एकीकडे मनाई सांगणारे आहेत, दुसरीकडे चिश्ती खानकाहांमधला समा आहे. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेब उरुसाला गात आणि त्याच मिरजेत मुसलमान कारागिरांची घराणी आजही सतारी आणि तंबोरे घडवतात. हा वाद मी सोडवू शकत नाही. माझा आक्षेप एवढाच, की ज्या सभागृहात वाद्याला मनाई आहे त्याच्या दाराबाहेर वरातीत डीजे चालतो आणि चाचांच्या क्लॅरिओनेटला तेवढा धर्म आडवा येतो. तिथे श्रद्धेपेक्षा पत बोलते, असा संशय येतो. मांडवाबाहेरच्या माणसाला आत घ्यायचे नाही, ही सवय मुळातून आपली नाही. ती आपण इथल्या जातिव्यवस्थेकडून घेतली आणि तिला धर्माचा कपडा चढवला.

मग मुस्लिम मराठी लेखकाने काय करावे? पुनरुज्जीवन करा, असे मी म्हणणार नाही. आपली माणसे अजून जिवंत आहेत. जिवंत माणसांचे पुनरुज्जीवन करायचे नसते, त्यांच्याजवळ बसायचे असते. संदलच्या चाली, मोहरमची गाणी, वरातीतल्या विदाईच्या धुना, त्या कुणी कुणाकडून घेतल्या, कोणत्या गावात कोणती चाल वाजली की बायका रडत, कोणत्या चालीला बिदागी जास्त मिळे, हे सगळे आज विचारता येते. दहा वर्षांनी विचारता येईलच असे नाही. बेने इस्राएलांच्या बायकांनी वह्या ठेवल्या. बेरेगोव्हस्कींनी मेणाच्या नळ्या वाहून नेल्या. आपल्या तर प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. आणि ही नोंद नुसती संगीताची राहू नये. मजुरी, उधारी, मार आणि मान यांच्यासह ती व्हावी, म्हणजे क्लेझ्मरच्या हौशी मंडळींकडून जे सुटले ते आपल्याकडून सुटणार नाही. अशा नोंदींतून उद्याची एखादी कादंबरी उभी राहील. तिचा नायक खुलासा देत बसणार नाही. त्याला त्याचा सूर असेल.

आमची गुरुवारची बैठक आता औषधाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरते. चाचा येतात. फुंकायला दम नाही, म्हणून चाल तोंडाने सांगतात आणि आमचा शिंपी ती क्लॅरिओनेटवर काढतो. चुकले की हाताने थांबवतात. मी वही घेऊन बाजूला बसतो. आतापर्यंत चौदा चाली झाल्या. चौदाव्या चालीपुढे त्यांनी नाव लिहायला सांगितले ते असे : ‘जेवण झाल्यावर बाजावाल्यांना बोलावतात तेव्हाची’. ही चाल कुठल्याच मिरवणुकीची नाही. पाहुणे उठल्यानंतर, रिकाम्या पत्रावळींपुढे, ते ती आपसात, स्वतःसाठी वाजवत असत.

‘‘किसके वास्ते?’’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांनीच दिले. उरलेले निम्मे आपण द्यायचे आहे.